डाव्या मुठीतली पेपरमिंट

वीबे मास्तर नेहमीसारखे साडेदहाच्या बसने रुग्णालयात आले. ओला कोट त्यांनी खुंटीला अडकवला आणि खाटेशी बसून बायकोचा, आल्त्येचा, हात आपल्या उजव्या हातात घेतला.

आल्त्येला चौदा महिने शुद्ध नव्हती. डोळे उघडे असत, पण कुणाकडे पाहत नसत. डॉक्टर हामर्स यांचा प्रयोग हा शेवटचा उपाय होता. कवटी न उघडता आवाजाच्या लाटा मेंदूच्या गाभ्यात एका बिंदूवर एकवटायच्या, तीन वेळा. प्रयोगातल्या कोणत्या रुग्णाला खऱ्या लाटा आणि कोणाला यंत्राची नुसती गुणगुण, हे खोलीत कुणालाच ठाऊक नसे. तिसऱ्या वेळीही तिने हात दाबला नाही, तर अन्नाची नळी काढायची, असं ठरलं होतं.

आज तिसरी वेळ होती.

परिचारिका तेत्स्के आल्त्येच्या भादरलेल्या कानशिलावर थंडगार जेल चोपडून बोटाने बुडबुडे काढत होती.

"एक बुडबुडा राहिला तरी आत काही शिरत नाही, मास्तर. आमच्या सासूबाईंचं डोकंच म्हणा ना!"

मास्तर हसले. मग हसल्याचीच त्यांना लाज वाटली.

यंत्र सुरू झालं. बंद कपाटात माशी अडकावी तशी बारीक गुणगुण.

"आल्त्येबाई, ऐकू येत असेल तर मास्तरांचा हात दाबा," डॉक्टर हामर्स म्हणाले.

हात निपचित होता. खोलीत हळूहळू पेपरमिंटचा वास पसरला... आणि मांडीवर उघड्या पडलेल्या त्यांच्या डाव्या तळहातावर कुणीतरी काहीतरी ठेवलं, बोटं मिटवली आणि मूठ हलकेच दाबली.

त्या बाजूला कुणीही नव्हतं.

बावन्न वर्षं चर्चच्या बाकावर आल्त्ये त्यांच्या डावीकडे बसली होती. प्रवचन सुरू झालं की एक पेपरमिंट, मध्यावर दुसरी, संपत आलं की तिसरी. न बघता हातात सारायची आणि मूठ दाबायची. मागच्या दोन्ही वेळा इथे डाव्या मुठीत पेपरमिंट निघाली होती. कोटाच्या खिशातली असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. आज कोट खुंटीवर होता.

"काही जाणवलं?" डॉक्टरांनी विचारलं.

चाळीस वर्षं मास्तरांनी शाळेत पोरांना पुराव्याशिवाय बोलू नका म्हणून दटावलं होतं. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, असं ही माणसं म्हणतील.

"या हाताला... नाही."

"या हाताला म्हणजे?"

"नाही. काहीच नाही."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

नळी निघाली. अकराव्या दिवशी आल्त्ये गेली. महिन्याने डॉक्टरांचं पत्र आलं: लाटा खऱ्या होत्या, नेमक्या जागी पोचल्या होत्या. प्रतिसाद मिळाला नाही, याचं वाईट वाटतं.

मास्तरांनी ते पत्र चार वेळा वाचलं. जिने तीनदा उत्तर दिलं, तिला त्यांनी आपल्या तोंडाने उपाशी मारलं होतं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये त्यांनी मुद्दाम डावीकडे भिंत असलेली जागा धरली. डावी मूठ आवळून ठेवली.

प्रवचन सुरू झालं, आणि त्या मुठीचं एकेक बोट शांतपणे उलगडलं गेलं. तळहातावर पेपरमिंट आली. थंड, जेलने बरबटलेली.

ही पहिली होती.