राखेच्या बुधवारचं पार्सल

मुलांनो, क्षणभर असं समजा की तुम्ही बारा वर्षांचे आहात. सांडोर गावातल्या केळीच्या वाडीला लागून तुमचं घर आहे. शनिवारची सकाळ आहे. बाहेरच्या खोलीत तुमचे वडील कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसलेत. मग ते उठतात, कमरेचा पट्टा काढतात आणि तुमच्या भावाला हाक मारतात.

तुम्ही काय कराल?

ॲंजेलाने काहीच केलं नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली. ही २००८ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट.

तिचे डॅडी, व्हिन्सेंट, इंटरनेटवरच्या एका दुकानातून अधूनमधून काही मागवत. तिथे त्यांचं खातं होतं, कार्डाचा नंबरही साठवलेला होता. आज त्यांनी ते खातं उघडलं, तर जुन्या खरेदीखाली एक नवी ओळ दिसली. एक महागडा कॅमेरा. पैसे कापले गेले होते, पार्सल पोचलंही होतं. तारीख मागच्या आठवड्यातल्या राखेच्या बुधवारची. घरात मात्र तो कॅमेरा कुणी पाहिला नव्हता.

"पासवर्ड मला माहीत आणि तुला माहीत," व्हिन्सेंट म्हणाला. "नाताळात कॅमेऱ्यासाठी कोण रुसून बसलं होतं?"

"मी नाही मागवला, डॅडी," केनी म्हणाला.

पट्टा वाजला. पुन्हा वाजला. क्लेमेंटीन, मुलांची ममी, मध्ये पडली तेव्हाच थांबला.

"खात्यातला फोन नंबरसुद्धा बदललाय," व्हिन्सेंट म्हणाला. "संध्याकाळी पोलिसांत जातो. कुणाचं सिमकार्ड आहे ते तेच शोधतील."

केनी सतरा वर्षांचा होता. जूनमध्ये तो जहाजावरच्या ट्रेनिंगला जाणार होता. तिथे पोलिसांचा दाखला लागतो. तक्रारीत एकदा नाव चढलं की संपलं. तो आपल्या खोलीत गेला आणि त्याने आतून कडी लावली.

थोड्या वेळाने फेबियन आला. व्हिन्सेंटचा लहानपणापासूनचा मित्र आणि ॲंजेलाचा गॉडफादर, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. माणिकपूरला त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. या घरातला कॉम्प्युटर, ईमेल, ते दुकानातलं खातं, सगळं त्यानेच सुरू करून दिलेलं. तो आला की घर हसायचं. राखेच्या बुधवारी, उपासाच्या दिवशीसुद्धा, तो दुपारी विहिरीवर तोंड धुऊन थेट स्वयंपाकघरात शिरला होता. "क्लेमेंटीन, तुझ्या हातचा मसूर असेल तर मी वर्षभर उपास करीन."

आज व्हिन्सेंटने सगळं सांगितलं तसा तो गंभीर झाला.

"पोलीस नको, विन्सी. पोराचं आयुष्य जाईल. पैसे मी भरतो. केनीला माफ कर."

ॲंजेलाला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माफ कर म्हणजे दादानेच केलं, असंच झालं की.

ती हळूच घराबाहेर पडली.

सांडोरच्या त्या गल्लीत एकाच आडनावाची कितीतरी घरं, त्यांत व्हिन्सेंटही एकापेक्षा जास्त. म्हणून कुरियरवाले आत येतच नसत. रस्त्यावरच्या क्रूसापाशी थांबून ते पार्सलवरच्या नंबरला फोन करत. ज्याचं असेल तो येऊन घेऊन जाई. आजही शत्रुघ्न कुरियरवाला बाइक लावून तिथे उभा होता.

"मागच्या आठवड्यात, बुधवारी, व्हिन्सेंटच्या नावाचं पार्सल तुम्ही दिलंत?"

"मीच दिलं ना, बेबी. दुपारी, जेवायच्या आधी."

"कुणाला? माझ्या दादाएवढा मुलगा होता?"

"काय माहीत. तोंडाला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. धूळ लागते बोलला."

"मग काहीच दिसलं नाही?"

"कपाळ दिसलं." शत्रुघ्न हसला. "त्या दिवशी तुमच्या अख्ख्या गावाने कपाळाला काळं लावलं होतं ना? मी एका आजीला विचारलं पण, कोण वारलं काय. तिने मला असं बघितलं! ह्याचं कपाळ मात्र साफ. म्हणजे, घासून घासून लाल केलेलं. मी बोललो, काय शेठ, तुम्ही गावचे नाही काय? तो गप. सही मारली, निघाला."

ॲंजेला क्रूसाच्या पायरीवर बसली. मुलांनो, तुम्हीही बसा तिच्या शेजारी. राखेच्या बुधवारी फादर प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढतात. माणूस मातीतून आला, मातीतच जाणार, याची ती आठवण. गावात ती राख कुणी मुद्दाम पुसत नाही. मग हा कोण?

तिला कळलं तेव्हा घरी जावंसंच वाटेना. तरी ती गेली.

"ठरलं," व्हिन्सेंट म्हणत होता. "पोलीस नाही. पण केनी जहाजावरही जाणार नाही. माझ्या घरातला चोर मी जगभर फिरवणार नाही."

फेबियन चहा पीत होता.

"अंकल," ॲंजेला म्हणाली, "राखेच्या बुधवारी तुम्ही तोंड का धुतलंत?"

"घाम आला होता, बेटा."

"सकाळी चर्चमध्ये मिसाला तुम्ही माझ्या शेजारी होता. तेव्हा राख होती. दुपारी नव्हती." ती वडिलांकडे वळली. "डॅडी, ज्याने पार्सल घेतलं त्याचं कपाळ घासून लाल झालं होतं. कुरियरवाल्याने पाहिलं. दादाची राख तर रात्रीपर्यंत होती."

"हो," क्लेमेंटीन हळूच म्हणाली. "उशीला लागली म्हणून मी ओरडले. अभ्रा मीच धुतला."

"डॅडी, त्या दुपारी तुम्ही मुंबईला ऑफिसात होता. बाहेरचा चोर असता, तर नुसता फोन नंबर बदलला की पार्सल क्रूसापाशी मिळतं हे त्याला ठाऊक नसतं. आणि त्याच्या कपाळावर राखच नसती, मग घासायचं काय? ज्याने पुसली, त्याने आधी ती घेतली होती. तो आपलाच. आणि पासवर्ड तुम्हाला माहीत, दादाला माहीत, आणि ज्याने खातं काढून दिलं त्याला."

"फेबियन," व्हिन्सेंट म्हणाला, "सांग तिला, चुकतेय म्हणून."

फेबियनने कप खाली ठेवला. "राख कपाळावर ठेवून ते पार्सल हातात घ्यायला जमेना, विन्सी. म्हणून पुसली." कपाकडे बघत तो म्हणाला, "क्लास बुडायला आला होता. कॅमेरा लगेच विकला. तुझ्याकडे मागायची लाज वाटली."

"मागायची लाज वाटली," व्हिन्सेंट म्हणाला, "आणि घ्यायची नाही."

"अंकल, मघाशी 'केनीला माफ कर' म्हणालात," ॲंजेलाने विचारलं. "ते कसं जमलं?"

फेबियनने बाइकची किल्ली उचलली. तो उठला. बस म्हणून कुणी म्हटलं नाही. फाटक वाजलं, बाइकचा आवाज केळींमागे विरत गेला.

व्हिन्सेंटने फेबियनचा कप उचलून बाजूला ठेवला. मग वर न बघता म्हणाला, "ॲंजेला, केनीला हाक मार. जेवायला ये म्हणावं."

ॲंजेला उठली. दादाच्या बंद दारापर्यंत गेली. पण तिने दार वाजवलं नाही, हाकही मारली नाही. डॅडींना पुढे येता यावं म्हणून ती बाजूला सरकून उभी राहिली.