मागून येणारा धूर

घाट उतरून रस्ता सपाटीला लागतो, तिथल्या तपासणी नाक्यावर सगळे तिला धूरबाई म्हणायचे. तिला त्याचं वाईट वाटत नसे; कामच तसं होतं. रस्त्याकडेच्या पेटीतून किरण निघायचा, समोरच्या आरशावरून परतायचा आणि मधून गेलेल्या ट्रकच्या धुरात काजळी किती, विषारी वायू किती, ते खोलीतल्या पडद्यावर उमटायचं. अशीच दुसरी पेटी घाटातल्या शेवटच्या वळणावर होती. हजारो धूर दाखवून दाखवून तिने संगणकाला शिकवलं होतं. आता तो नंबरपाटी न बघताही नेहमीचे ट्रक ओळखायचा. पावलं वाजली की आईला कळतं ना कोण आलं, तसंच, असं ती कौतुकाने सांगायची.

एका दुपारी पडद्यावर ट्रकचा धूर उमटला आणि कॅमेऱ्यात मात्र रस्ता रिकामा. संगणकाने ट्रकचा नंबरही दिला होता. जुनं इंजिन, भरपूर काजळी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिने आरसा पुसला, पेट्या उघडून तपासल्या, संगणकाला पहिल्यापासून पुन्हा शिकवलं. धूर येतच राहिला. एकच गोष्ट तिच्या लक्षात आली: त्याच्या जरा आधी दर वेळी एक नवा कोरा ट्रक गेलेला असायचा.

तिने फाटकावरच्या काकांना नंबर दाखवला.

“हा? हा तर मोडीत गेला, बाई. त्या नव्या ट्रकवाल्या पोराच्या थोरल्या भावाचा. घाटातच गेला बिचारा.”

पुढच्या खेपेला तिने त्या पोराला थांबवलं. तो चहाचा पेला घेऊन बाकावर टेकला. तिने विचारलं, “तुमचे भाऊ याच रस्त्याने यायचे ना?”

“कायम माझ्या मागे, ताई. म्हणायचा, तू हो पुढे. तू नजरेसमोर असलास की मला घोर नाही.”

“कधीच पुढे गेले नाहीत?”

त्याने पेला खाली ठेवला. “एकदाच. माझे ब्रेक गेले होते. दादा हॉर्न वाजवत बाजूने पुढे घुसला आणि आपला ट्रक माझ्यासमोर धरला. माझं सगळं ओझं पाठीवर घेतलं त्याने. मी थांबलो. तो कठड्यावरून खाली गेला.”

पडद्यावर काय दिसतं ते तिने त्याला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, “ब्रेक बघून घेत जा.”

“दादासारखंच बोलता,” तो हसला. डोळे मात्र हसले नाहीत.

त्यानंतर तिने संगणकाशी भांडणं सोडलं. नवा ट्रक गेला की हातातलं काम थांबवून ती पडद्याकडे बघत बसायची. मागून तो काजळलेला धूर उमटला की तिला हायसं वाटायचं. हे ती कुणाला बोलली नाही. बोलणार तरी काय?

मग एके दिवशी, भर दुपारी, घाटातल्या वळणावरच्या पेटीने नोंद दिली.

जुना धूर. एकटाच.

ती नव्या ट्रकची नोंद शोधू लागली. आधी कुठेच नव्हती.

मग ती नोंद आली. मागून.

ती चप्पल न घालताच बाहेर धावली. “काका, फाटक उघडा! माणसं हटवा! त्याचे ब्रेक गेलेत!”

“कुणाचे?”

वरून हॉर्न ऐकू आला. थांबतच नव्हता.

वळणावरून ट्रक भरधाव खाली आला. काचेआड पोराचा चेहरा पांढराफटक. माणसं पळाली.

मग पत्रा चेपल्याचा आवाज झाला.

ट्रकच्या समोर काहीच नव्हतं.

तरी तो मंदावला. टायर करकरले. कुणीतरी छातीने रेटून धरावा तसा तो कण्हत, थरथरत पुढे सरकला आणि फाटकाच्या अलीकडे उभा राहिला.

हवेत जळक्या डिझेलचा उग्र वास होता. काकांनी पोराला उतरवलं. तिने त्याला धरून बाकावर बसवलं, पाणी पाजलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तो ट्रककडे बघेना.

ती मात्र पुढे जाऊन उभी राहिली. समोरचा नवा कोरा पत्रा आत गेला होता आणि त्या खोलगटात काहीतरी ठसठशीत उमटलं होतं. ट्रकच्या पाठीमागे लोखंडी अक्षरं जोडून घेतात, तशी अक्षरं. पण आरशात दिसावीत तशी उलटी.

तिने मोबाइलवर फोटो काढला आणि तो डावा-उजवा पलटून सरळ केला.

सावकाश ये.