शेऱ्याचं पान

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातला एकही शब्द पदरचा नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती कम्प्युटरवर पोट भरणारी बाई. भुताखेतांच्या गोष्टींना हसणारी.

घडलं ते रात्री नाही. रविवारी, भर दुपारी, चारच्या सुमारास. वडिलांच्या वर्कशॉपमागच्या खोलीत. टेबलावर ऊन होतं.

तिचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. कुठल्या जुन्या मशीनला कुठला भाग चालतो, ते सगळं त्यांच्या डोक्यात. ते कुठेतरी उतरवून ठेवावं म्हणून तिने एक ॲप बनवायला घेतलं. आधी मशीनची यादी, मग भाग, मग शेरा. प्रत्येक पानाखाली 'मागे' आणि 'पुढे' अशी दोन बटणं.

तपासायचं काम वडिलांचं. प्रत्येक बटण ते दोनदा दाबायचे. एकदा दाबून भागतं, हे तिने हजारदा सांगून झालं होतं.

"पान बदललं, पण ते गोल गोल फिरणारं आलंच नाही," ते एकदा म्हणाले.

"कारण पान एकच आहे, बाबा. बटण दाबलं की आधीचं काढायचं आणि त्या जागी दुसरं दाखवायचं. बस."

"मग आधीचं जातं कुठे?"

"कुठेच नाही."

"असं कसं कुठेच नाही? मी मशीन उघडलं तर साधा स्क्रूसुद्धा वाटीत ठेवतो."

ती हसली होती.

मग एका दुपारी ते शेऱ्याच्या पानावर टाइप करत बसले. तासभर. एका बोटाने.

शेवटी 'पुढे' दाबलं.

आणि सगळं गेलं.

चूक तिची होती. पुढच्या पानावर न्यायला तिने बटणाला शिकवलं होतं. जाण्याआधी लिहिलेलं साठवायला शिकवणं राहून गेलं होतं. एका ओळीचं काम. पण ती तेव्हा ऑफिसच्या फोनवर होती.

"परत लिहा ना, त्यात काय एवढं," ती म्हणाली. जरा तोडूनच.

"राहू दे. विशेष काही नव्हतं."

अकरा दिवसांनी ते गेले. झोपेतच.

लोक भेटायला आले, गेले. तिला मात्र एकच गोष्ट कुरतडत राहिली. तासभर काय लिहीत होते ते?

तिसऱ्या रविवारी ती ते बटण दुरुस्त करायला बसली. ॲप चालू केलं आणि चहा टाकायला आत गेली.

टक्-टक्.

भांडं हललं असेल, तिला वाटलं.

टक्-टक्.

ती दारात आली... खोलीत कुणीच नव्हतं. माऊस जागच्या जागी. पण स्क्रीनवरची यादी जाऊन भाग आले होते. तिच्या डोळ्यांदेखत 'पुढे'चा रंग गडद झाला... दोनदा.

शेऱ्याचं पान उघडलं.

रिकाम्या चौकटीत ती उभी रेघ लुकलुकत होती... मग एक अक्षर उमटलं. बऱ्याच वेळाने दुसरं.

साठवायची ओळ टाकायला तिचा हात कीबोर्डकडे गेला आणि थांबला. आता कोडला हात लावला तर ॲप नव्याने उघडणार, आणि असेल नसेल ते पुसलं जाणार. ती हात मांडीवर घेऊन बसली.

तासाभरात सहा ओळी झाल्या.

'सर्व बटणे दाबून पाहिली. चालतात.
मुलीने फार मेहनत घेतली आहे.
मला सगळे समजत नाही, समजल्यासारखे दाखवतो.
बटण एकदा दाबून भागते हे मला ठाऊक आहे.
दोनदा दाबले की ती सांगायला उठून येते.
हे काम लवकर संपू नये.'

तिने मोबाइलवर फोटो काढला... फोटोत चौकट रिकामी होती.

"बाबा, थांबा. दाबू नका."

टक्-टक्.

पान बदललं. मागे जाऊन पाहिलं, तर काहीच नाही.

त्या संध्याकाळी साठवायची ती एक ओळ लिहून टाकता आली असती. तिने लिहिली नाही.

पुढच्या रविवारी चारला ती टेबलाशी बसून होती... आणि ते आले. त्याच सहा ओळी. त्याच्या पुढच्या रविवारी पाच. मग चार.

न राहवून तिने आत्याला सांगितलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण.

"मला वेड लागलंय म्हण हवं तर."

"वेडी माणसं इतकं शिस्तीत सांगत नाहीत," आत्या म्हणाली. "आता किती ओळी येतात?"

"दोन. त्यालाही तास लागतो."

"आणि ते साठवायचं शिकवायला तुला किती वेळ लागतो?"

"एक मिनिट."

"मग?"

"साठवलं की त्यांचं काम झालं, आत्या. मग कशाला येतील ते?"

आत्याने तिचा हात हातात घेतला. "अगं, एका बोटाने लिहितो तो. दर वेळी पहिल्यापासून. किती दमवशील त्याला?"

याला आता महिना झाला.

गेल्या रविवारी तासाभरात एकच शब्द आला... तोही अर्धा. मग रेघ नुसतीच लुकलुकत राहिली, कुणी श्वास घ्यायला थांबावं तशी.

आज पुन्हा रविवार. सकाळपासून साठवायची ती ओळ तिने तीनदा लिहिली आणि तीनदा खोडली.

पावणेचार झालेत. ती खुर्चीत बसली आहे, हात मांडीवर.

बटण अजून तसंच आहे.