लाल फुलीखालचा तारा

करमाळ्याच्या भाजीबाजारात २०४० साली गिऱ्हाइकं मेथीची जुडी हातात धरून भरदिवसा शनी पाहायची. नभचष्मा लावला, की ऊन, धूळ, ढग सारं गाळून तो खगोलशास्त्रज्ञांच्या यादीतला प्रत्येक तारा नावासकट दाखवी. मग आकाश कट्ट्याच्या दुर्बिणीपुढं रांग लावणार कोण? हॅलेच्या धूमकेतूच्या साली, १९८६ला, सुरू झालेली ही हौशी मंडळींची संस्था येत्या रविवारच्या सभेत बंद करायची, हे जवळपास ठरलंच होतं.

पण त्या सकाळी कट्ट्याचे चिटणीस घोडके गुरुजी, वय अठ्ठ्याहत्तर, एक जुनी वही काखोटीला मारून भाजीवाल्या हौसाबाईंच्या पाटीसमोर येऊन उभे राहिले. सोबत अध्यक्षा रेहाना शेख होत्या.

कट्ट्याचा एक रिवाज होता आणि त्याचा साऱ्यांना भारी अभिमान. दर शनिवारी एसटी स्टँडमागं दुर्बीण लागायची. हमाल असो की मामलेदार, जे दिसलं ते त्यानं आधी वहीत पेन्सिलीनं काढायचं, मगच त्याला नाव सांगायचं. अशा दोनशे बारा वह्या भरल्या. गुरुजी मात्र पडले गणिताचे मास्तर. नकाशात नसलेला जादा ठिपका दिसला, की लाल शाईनं फुली. जित्याची खोड, दुसरं काय!

"गुरुजी, आज पिशवीऐवजी वही?" हौसाबाईंनी विचारलं.

"रेहानानं सगळ्या वह्या चित्रवाचक यंत्राला दाखवल्या. प्रत्येक हाताची एक ठरावीक चूक असते. ती वजा केली, की उरतं ते खरं आकाश." गुरुजींनी वही उघडली. "पुष्य नक्षत्रातल्या तारकागुच्छात २००४ साली एका संध्याकाळी चौघांनी एकाच जागी जादा ठिपका काढला. त्यात पहिल्या तुम्ही. २०२२ला सात जणांनी, तिथंच. अठरा वर्षांनी एकदा, काही तासच पेटणारा तारा आहे तो. कुठल्याच यादीत नाही."

"मी म्हनले व्हते, हाय म्हनून! तुमी म्हनला, पेन्सिल घसरली."

"चुकलं माझं, हौसाबाई." गुरुजी म्हणाले. शरम होतीच, पण या वह्यांचा, या माणसांचा अभिमान त्याहून मोठा होता.

"पेन्सिलीचे ते ठिपके तर कधीच उडाले होते," रेहाना हसल्या. "गुरुजींच्या फुल्यांवरूनच जागा सापडली. येत्या शनिवारी तो पुन्हा पेटायला हवा. पण नभचष्म्यात दिसणार नाही. यादीत नसलेला ठिपका चष्मा दोष समजून पुसतो."

"म्हंजी गुरुजींवानीच!"

आजूबाजूचे गाळेवाले खो खो हसले. गुरुजीही हसले. मग खिशातली पेन्सिल काढून त्यांनी हौसाबाईंपुढं धरली. "शनिवारी दुर्बिणीला पहिला डोळा तुमचा. दिसेल तेच काढा. नाही दिसलं, तर कागद कोरा ठेवा."

हौसाबाईंनी हात पदराला पुसून पेन्सिल घेतली. वहीची पानं उलटताना त्या थबकल्या.

"अशा फुल्या एकूण किती हायती ओ?"

"नऊ हजारांवर," रेहाना म्हणाल्या.

हौसाबाईंनी गुरुजींकडं पाहिलं. "आन् रविवारी कट्ट्याला कुलूप लावनार व्हय तुमी? मग बाकीच्या फुल्यांखाली काय हाय, ते कोन बघनार?"