उणे एकोणीस पूर्णांक सहा

खुर्च्या आठ. ताटल्या सात. ग्राहक सहा.

अन्न खात्याची तपासनीस दारातच थबकली. कुठेही गेलं की आधी मोजायचं, ही तिची कॉलेजच्या प्रयोगशाळेपासूनची सवय. वर फुटपाथला लागून एक काळी गाडी उभी होती आणि तिचा ड्रायव्हर तोंडावर पेपर घेऊन घोरत होता, हेही तिने येताना टिपलं होतं.

सुशीचं हे छोटं हॉटेल तळघरात होतं. खिडकी एकही नाही. वर जायला हा एकच जिना, त्याच्या पायथ्याशी हे एकच दार. एका लांब लाकडी काउंटरपुढे ओळीने आठ खुर्च्या. काउंटरपलीकडे शेफ, हातात ओलं फडकं. मागे मोरीपाशी त्याची थोरली बहीण. तिला सगळे ताई म्हणत.

तपासनिसाच्या पाठीमागे कडी लागली.

"आत यायला हरकत नाही, मॅडम," हवालदार म्हणाला. "बाहेर जायला आहे."

"मी दोनच्या तपासणीला आलेय. कळवलं होतं."

"करा की. वकीलसाहेबांच्या मिसेस हरवल्यात. त्या सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही."

वकील दाराजवळच्या पहिल्या खुर्चीवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन फोन. त्यातल्या एकाचं कव्हर फुलाफुलांचं.

तपासनिसाने फॉर्म काढला. त्यात ग्राहकांच्या अभिप्रायाचा एक रकाना होता. एरवी तो कुणी भरत नसे.

"जेवण कसं होतं?"

"माझी बायको गायब आहे आणि तुम्ही जेवणाचं विचारताय?"

"फॉर्ममध्ये आहे."

फॉर्म म्हटल्यावर वकील जरा निवळला. "दर मंगळवारी येतो आम्ही. ही खुर्ची माझी, दुसरी तिची. तिसरी मी रिकामी ठेवायला लावतो."

"का?"

"तिच्या शेजारी कुणी बसलेलं मला आवडत नाही."

दुसऱ्या खुर्चीपुढच्या ताटलीत एकच मुटका उरला होता. भातावर ट्यूनाचा लाल काप. बाकीच्या ताटल्यांत मुटके उजव्या हाताला सोयीचे असे तिरके ठेवलेले. हा एकटाच उलटा तिरका.

"मिसेस डावखुऱ्या आहेत?"

"होती. मी मोडली ती सवय."

तपासनिसाने वर पाहिलं. शेफ फडकं पिळत होता. फडक्यात पाणी उरलं नव्हतं.

"त्या उठल्या कधी?"

"एक वीसला मला फोन आला. इथे रेंज नाही. एरवी मी रस्त्यावर फेऱ्या मारत बोलतो. आज ऊन मरणाचं, म्हणून दाराबाहेर दुसऱ्या पायरीवरच थांबलो. सात मिनिटं. आत आलो तर ही नाही. माझ्या अंगावरून चिटपाखरूही गेलेलं नाही."

"मग त्या आतच असणार."

"तेच तर मी पाऊण तास सांगतोय."

"त्यांना स्वच्छतागृहाकडे जाताना सगळ्यांनी बघितलंय," हवालदार म्हणाला. "तिथे नाहीत. स्वयंपाकघर बघितलं, शीतखोली बघितली, काउंटरखाली बघितलं. मागच्या खेपेला बरं होतं. तासाभरात बस स्टँडवर सापडल्या. मीच घरी आणून सोडलं."

"स्वतःहून आल्या?"

हवालदार आपल्या बुटांकडे बघायला लागला. "आणलं," तो म्हणाला.

चौथ्या आणि पाचव्या खुर्चीवर निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको होती.

"अनुभव लिहून घ्या," मास्तर म्हणाले. "मासा उत्तम. पण आईस्क्रीम मागवलं आणि सूप आलं."

"प्यायलात ना पण वाटी तोंडाला लावून," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"आलेलं टाकायचं नाही, हे मी चाळीस वर्षं शिकवलंय."

"पूर्ण वितळलं होतं?" तपासनिसाने विचारलं.

"चमच्यावर ठरत नव्हतं."

सहाव्या-सातव्या खुर्चीवर बँकेतल्या दोन मैत्रिणी होत्या. दोनला त्यांना कामावर पोचायचं होतं.

"साहेब आम्हाला खाणार आता," पहिली म्हणाली.

"खाऊ दे. आज माझं पोट भरलंय," दुसरी म्हणाली. "मॅडम, ट्यूनाचे दोन मुटके असतात थाळीत. आज सहा दिले. मी विचारलं, लॉटरी लागली का? शेफ म्हणाले, खा, उद्यासाठी ठेवता येणार नाही."

आठव्या खुर्चीवरचा तरुण प्रत्येक घासाचा फोटो काढणारा. शेफ त्याला फोटोवाला म्हणे.

"मला मात्र निराशा वाटली," फोटोवाला म्हणाला. "हे माझं नेहमीचं टेबल, म्हणजे खुर्ची. पाठीमागे सतत घरघर चालू असते, व्हिडिओत आवाज येतो म्हणून मी दरवेळी तक्रार करतो. आज घरघर नव्हती. तर नेमकी फोनची बॅटरी संपली."

"कधीपासून नव्हती?"

"मी साडेबाराला आलो तेव्हापासून."

तपासनिसाने तिन्ही अनुभव रकान्यात लिहिले. मग थर्मामीटर घेऊन ती आत गेली.

स्वयंपाकघराच्या टोकाला शीतखोली होती, आणि तिच्या आत, उजव्या भिंतीत, फ्रीझरचं जाड दार. शीतखोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. पांढरे थर्माकोलचे खोके छतापर्यंत रचलेले. तिने मोजले. एकोणीस.

"एरवी किती असतात?"

"सात-आठ," ताई म्हणाली. शेफने तिच्याकडे बघितलं.

तिने हवेत थर्मामीटर धरला. नऊ अंश. पाचच्या वर चालत नाही.

फ्रीझरच्या दाराशेजारच्या लाल आकड्यांत उणे वीस दिसत होतं. दाराच्या रबरी पट्टीवर बर्फाचा कणही नव्हता. दाराखाली लादी ओली होती. फ्रीझरच्या माथ्यावर, एका खोक्याआड, स्टीलचा थर्मास होता. त्याच्या बुडाशी खड्या मिठाचे ओले दाणे पडले होते आणि झाकणाखालून एक बारीक काळी वायर आत गेली होती.

तपासनीस बराच वेळ त्या वायरकडे बघत राहिली.

"ताई," तिने हळूच विचारलं, "या दाराला आतून मूठ असते ना?"

"असते," ताई म्हणाली. "आतून ढकललं की उघडतं." मग ती म्हणाली, "सगळ्यांच्या घराचं दार तसं नसतं, बाई. काहींचं कुलूप बाहेरून लागतं. नवरा कामावर जाताना लावून जातो."

पावलं वाजली. वकील आत आला, मागे हवालदार.

"हा फ्रीझर उघडून बघितलात?"

"उणे वीस आहे, साहेब," हवालदार म्हणाला. "माणूस आत बसेल का?"

"आकडे खोटे असू शकतात. कोर्टात रोज बघतो मी." वकील तपासनिसाकडे वळला. "तुमच्याकडे थर्मामीटर आहे ना? सरकारी? मोजा."

शेफच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्याने ते उचललं नाही.

तपासनिसाने स्टूल ओढलं. वर चढली. तिची पाठ सगळ्यांकडे होती. तिने थर्मामीटरची सळई खाली सोडली आणि साठपर्यंत मनात मोजलं. आयुष्यात तिने एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. प्रयोगवहीत मैत्रिणी उत्तर बघून निरीक्षणं जुळवायच्या, तेव्हाही नाही.

"उणे एकोणीस पूर्णांक सहा," ती म्हणाली, आणि थर्मामीटर वकिलापुढे धरला.

वकिलाने आकडा स्वतः वाचला. "छे. ती तर पंख्यालाही कुडकुडते."

"शेफ, हे खोके हलवा," तपासनीस खाली उतरत म्हणाली. "हवा खेळत नाही, म्हणून नऊ अंश झालंय. तो भिंतीकडचा ढीग आधी."

शेफ हलेना. ताईनेच पहिला खोका उचलला. सहा खोके हलले आणि मागे, खांद्याइतक्या उंचीवर, भिंतीत एक लोखंडी झडप दिसली.

"हे काय?" वकिलाने विचारलं.

"मासळीचे खोके रस्त्यावरून इथून आत घेतो," शेफ म्हणाला.

तपासनिसाने टेप काढला. "रुंदी बावन्न सेंटिमीटर. उंची साठ. आतून कडी नाही. सोडली की आपल्या वजनाने बंद होते."

"माणूस मावतो?"

"साधारण बांध्याचा मावतो."

"ही उघडते कुठे?"

"फुटपाथवर. एक काळी गाडी उभी आहे तिथे."

"माझीच गाडी ती. ड्रायव्हर आहे आत. त्याला दिसलं असतं."

"मी आले तेव्हा तो घोरत होता," तपासनीस म्हणाली. "तोंडावर पेपर होता."

वकिलाने एक शिवी हासडली. ती ड्रायव्हरला होती, की बायकोला, की सगळ्यांना, ते कळलं नाही. कडी काढून तो बाहेर धावला. दार आपटलं. वर गाडी सुरू झाल्याचा आवाज झडपेतून आला आणि लांब गेला.

हवालदाराने सगळ्यांना मोकळं केलं. मैत्रिणी पळत सुटल्या. मास्तरीणबाई जाता जाता काउंटरपाशी थांबल्या, उलट्या तिरक्या मुटक्याकडे त्यांनी बघितलं आणि मास्तरांचा हात धरून वर गेल्या.

हवालदार मात्र रेंगाळला.

"मॅडम, मघाशी झडती घेताना मी त्या फ्रीझरच्या दारावर हात ठेवला होता," तो म्हणाला. "गार नाही लागलं."

"तसं मी कुठे लिहिलेलं नाही. मागच्या खेपेला मीच शोधून दिलं होतं मिसेसना. त्यांनी गाडीत मला एकच विचारलं, तुम्हाला मुलगी आहे का?" त्याने टोपी घातली. "साहेब आधी बस स्टँड बघतील, मग रेल्वे. तासभर तरी जाईल." तो जिना चढून गेला.

तपासनिसाने दाराची कडी आतून लावली.

"आता मी सांगते, चुकलं तर थांबवा," ती शेफला म्हणाली. "फ्रीझर तुम्ही आज सकाळीच बंद केलात. म्हणून घरघर नव्हती. आतला माल शीतखोलीत हलवला, म्हणून आठाचे एकोणीस खोके झाले. ट्यूना विरघळत होता, फुकट जाण्यापेक्षा ग्राहकांना वाढलात. आईस्क्रीमला शीतखोली पुरत नाही, म्हणून मास्तरांना सूप मिळालं. एक म्हणतो जेवण झकास, दुसरा म्हणतो फसलं. दोघांचं कारण एकच."

"आईस्क्रीम आज नाही म्हणून सांगायचं होतं," ताई भावाला म्हणाली. "मी बजावलं होतं तुला."

"मास्तरांना नाही म्हणवत नाही मला," शेफ म्हणाला.

"बाहेरच्या आकड्याचा सेन्सर वायरीवर असतो. तो ओढून तुम्ही थर्मासमध्ये सोडलात. कुटलेला बर्फ आणि खडं मीठ. ते उणे एकवीसपर्यंत जातं. मी मोजलं ते थर्मासचं तापमान. फ्रीझरचं आहे असं मी म्हटलं नाही."

"आणि झडप?" शेफने विचारलं. "ती तर आम्ही वापरली नाही. गाडी बरोबर तिथेच लागते दर मंगळवारी. ड्रायव्हर झोपेल, यावर कोण विसंबणार?"

"वापरली असं मी म्हटलं नाही. रुंदी सांगितली. तुमची चूक उन्हाची झाली. वकील रस्त्यावर फेऱ्या मारेल, आत येईल, आपली नजर चुकवून गेली समजून बाहेर धावेल, असं तुम्ही धरलं होतं. तो पायरीवरच थांबला. मग ती गेलेली नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिच्याबरोबर तुम्ही सगळेच आत अडकलात."

"तुम्हाला कळलं कसं, की तिला मदत करायला हवी?" ताईने विचारलं.

"नक्की कळलं नव्हतं. तिचा फोन त्याच्या खिशात. शेजारची खुर्ची रिकामी. आणि एवढ्या हॉटेलात तिचा डावा हात एकट्या शेफने लक्षात ठेवलेला. नवरा उजव्या हाताने खायला लावतो, तरी दर मंगळवारी मुटका डाव्या हाताला वळवून ठेवलेला. पण बेत शेफचा नाही. ते घाबरट आहेत. बेत तुमचा, ताई. स्वच्छतागृहाची वाट मोरीवरून जाते."

ताईने हात पदराला पुसले. "मिनिटभर मिळायचं. त्याहून उशीर झाला की तो हाक मारायचा. अकरा मंगळवार, अकरा मिनिटं. तेवढ्यात सगळं ठरवलं. माझी मावसबहीण पुढच्या गल्लीत गाडी घेऊन उभी आहे. बिचारी जेवलीही नसेल."

तिने फ्रीझरच्या दारावर तीनदा टकटक केलं.

दार आतून उघडलं.

बाई उलट्या ठेवलेल्या प्लास्टिकच्या खोक्यावर बसली होती. अंगात शेफचा जाड कोट, पायात ताईचे पांढरे गमबूट. मांडीवर ताटली होती, रिकामी. ती उठली, पण दाराबाहेर आली नाही. आधी शीतखोलीच्या कोपऱ्यांत बघितलं.

"गेला?" तिने विचारलं.

"गेला," ताई म्हणाली. "चल, बाळ. जिना मोकळा आहे."

बाई बाहेर आली. तपासनिसाजवळून जाताना थांबली. तिच्या हातातल्या फॉर्मकडे आणि गळ्यातल्या ओळखपत्राकडे तिने पाहिलं.

"तुम्ही लिहिणार हे?"

"तापमान लिहावंच लागतं," तपासनीस म्हणाली. "बाकीचे रकाने जेवणाचे आहेत."

ताई तिला घेऊन वर गेली. गमबुटांचा आवाज जिन्यावर चढत गेला. चौदा पायऱ्या. मग फुटपाथ.

शेफ खोक्यांकडे बघत उभा होता. "हा माल?"

"बघते."

तपासनीस रिकाम्या फ्रीझरमध्ये शिरली. मधोमध थर्मामीटर धरला, आकडा स्थिर होईपर्यंत थांबली आणि फॉर्मवर लिहिलं.

फ्रीझर क्रमांक एक. वेळ दोन वाजून त्रेपन्न मिनिटं. तापमान अधिक अकरा पूर्णांक चार अंश.