चला की आमच्यासंगं

पप्पू, तो मोबाईल ठेव बाजूला. सृष्टी, तू भिंतीकडं सरक. ही आपल्या बिरदेवाची गोष्ट हाय. त्यानं सांगितली तशीच सांगते, पदरचं काय घालत न्हाई.

गेल्या मार्गशीर्षात बिरदेव अन् त्याचा दोस्त पारस, सांगलीच्या जैनांचं पोरगं, दोघं रजा काढून बुलेटवर फिरायला निघाले. आधी माणचा उजाड माळ, तिथल्या घळी. मग औंध, कुंडलजवळची सागरेश्वराची हरणं, अन् शेवटी चांदोलीचं जंगल. राणीला तवा नववा महिना. मी म्हनलं, "आरं, बायकूकडं बघायचं सोडून कसल्या उनाडक्या ह्या?"

"आज्जे, अजून पंधरा दिस हायत. शुक्रवारी रातच्याला घरात असतो बघ."

निघताना वसाहतीतला तात्याबा आला. वसाहतीतली माणसं मूळची चांदोलीकडची. जंगल राखीव झालं तवा त्यास्नी उठवून आपल्या कोरड्या माळावर बसवलं. तात्याबानं पिशवीत एक नारळ दिला.

"आमच्या जुन्या गावात पार हाय, त्यावर देवाचा दगड. तेवढा नारळ ठेवा पोरांनो. माझं गुडघं आता चालत न्हाईत."

शुक्रवारी, अमावस्येला, दिवस कलला तवा ती दोघं तिथं पोचली. गाव कसलं? नुस्ती जोती, त्यावर झाडं उगवलेली. पार तेवढा जाग्यावर. नारळ ठेवला. पारसला दिवस बुडायच्या आत जेवावं लागतंय, त्यांच्यात तसंच असतंय. म्हणून तिथंच डबा सोडला.

पाराच्या पल्याडच्या कडंला एक म्हातारी बसलेली. डोक्यावरनं गोणपाटाची खोळ. पाऊस न्हाई, ढग न्हाई, अन् खोळ.

"या आज्जी, जेवायला," बिरदेव म्हनला. आपल्यात म्हणत्यातच की.

म्हातारी गप.

"कुठं जायाचं तुमास्नी?"

गप.

"तुझी बोली ऐकून भ्याली ती," पारस हसला.

डबा आवरून उठताना बिरदेव परत म्हनला, "चला की मग आमच्यासंगं, घरला." नुस्तं तोंडदेखलं. असं म्हनलं म्हणून कोण गाडीवर बसतंय व्हय?

म्हातारीनं खोळ सावरली.

गाडी चालू करून बिरदेवानं मागं बघितलं, तर पारावर कोण न्हवतं. गेली असंल झाडीत.

शिराळा मागं पडला. अंधार झाला. गाडी लय जड चालली व्हती.

"पारस, मागं सरक की रं. आंगावर रेलतोयस."

"मी? मी पार कडंला आलोय गड्या. मागचं लोखंड टोचतंय. तूच मागं सरकायलास."

बिरदेव पुढं टाकीला चिकटला.

दोघांच्या मधी गारवा व्हता. ओल्या गोणपाटाचा वास.

"बिरदेव... माझ्या गुडघ्याला ओलं लागतंय."

"मागं... खाली बघू नगंस."

"थांबव गाडी."

"थांबवून? ती उतरंल व्हय?" बिरदेवानं गाडी आणखी पळवली. "तिला मी घरला बोलावलंय रं. घरात राणी हाय..."

 पारस ओठातल्या ओठात त्यांचा णमोकार मंत्र म्हणत व्हता.

विटं गाव मागं गेलं. खिशात फोन वाजत व्हता. बंद झाला. परत वाजला. मीच करत व्हते. राणीला कळा सुरू झालेल्या.

त्यानं फोन घेतला न्हाई.

आपला फाटा आला. उजवीकडं आपलं घर.

बिरदेवानं गाडी डावीकडं घातली. वसाहतीकडं.

तात्याबाच्या दारात ब्रेक मारला. आवाज ऐकून तात्याबा बॅटरी घेऊन बाहेर आला. त्यानं उजेड मारला. बिरदेवावर न्हाई. पारसवर न्हाई. दोघांच्या मधी.

त्याचा हात खाली आला.

"आई..." म्हनला. "ती उठायलाच तयार न्हवती रं गावातनं... आमी तिला तिथंच सोडून..."



गाडीचं मागचं अंग झटक्यात वर आलं. हलकं झालं.

तात्याबानं दार सताड उघडलं, अन् वाट देऊन बाजूला उभा राहिला.

पोरं तिथं क्षणभर थांबली न्हाईत. बिरदेव घरात आला तवा तोंडावर रगत न्हवतं. पहाटं राणी बाळंत झाली. पोरगी. माय-लेक दोघी धडधाकट. बिरदेव ढसाढसा रडला, तवा कुठं मला सगळं सांगितलं.

बाराव्या दिवशी मी तात्याबाकडं गेले. ती वसाहत म्हणजे कशी, प्यायचं पाणी टँकरनं येतंय. तिथं त्याच्या दगडी उंबऱ्यावर शेवाळ व्हतं. हिरवंगार, ओलं. तात्याबानं खुरप्यानं दोनदा खरवडलं म्हणं, परत उगवलं.

दोन पावलांएवढं व्हतं. टाच, तळवा, बोटं, सगळं दिसत व्हतं.

मी खाली बसून नीट बघितलं.

बोटं घराच्या आत वळलेली न्हवती. बाहेर व्हती. आपल्या घराच्या वाटंकडं.