बाळाबाईची कॅसेट

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आप्पासाहेब फलटणहून एसटीनं कुपवाडला आले, ते एका साध्या कामासाठी. बायकोला, बाळाबाईला जाऊन वर्ष होत आलं होतं. दुसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाला माणसं जमणार होती आणि त्यांना तिच्या आवाजाची कॅसेट हवी होती. ती थोरल्याकडे, राजरत्नकडे होती.

आप्पासाहेब फौजेत असताना बाळाबाई टेपसमोर बसून बोलायची, कारण तिला लिहिता येत नव्हतं. कॅसेट पोस्टानं आसामला जायची. धाकट्या लेकीनं, दीक्षानं दात पाडला, गाय व्याली, सगळं सांगून झालं की शेवटी एकच प्रश्न, "कवा येताय?" मग त्याच कॅसेटवर आप्पासाहेब उत्तर भरून पाठवायचे. शेवटची तेवढी त्यांनी जपली. कुणी वर काही भरू नये म्हणून मागच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडाही मोडून ठेवला.

पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. राजरत्नचा तर त्यात हात बसलेला. तो आणि त्याचा मित्र प्रशांत कारखान्याच्या एका रिकाम्या शेडमध्ये ग्राइंडकोर नावाचं कानठळ्या बसवणारं इंग्रजी संगीत वाजवायचे, वर तसल्याच डेथ मेटलची फोडणी. गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपायचं. प्रशांत गिटार खरवडत पोटातून गुरगुरायचा आणि राजरत्न ड्रम असे बडवायचा, की शेजारच्या शेडमधले दादासो येऊन विचारायचे, "गड्या, मशीन बिघडलं का रं?" कारखान्याच्या सुट्टीत त्या दोघांनी सगळा अल्बम टेपवर भरला. घाईत हाताला लागेल त्या कॅसेटला पट्टी चिकटवली. ती कुठली होती, हे राजरत्नला नंतर कळलं. आई गेली तेव्हा त्याला रडू आलं नव्हतं, आणि हे कळलं तेव्हाही आलं नाही. दाढ काढताना भूल दिल्यावर हिरडी बधिर होते, तसं आत काहीतरी होऊन बसलं होतं.

"आप्पा, तिच्यावर आमचं गाणं भरलंय," तो म्हणाला. "आई पुसली गेली."

आप्पासाहेबांनी टेपकडे बोट केलं. "लाव तरी."

दुपार होती. पत्रा तापून मधूनच कडकत होता, खोलीत कामाच्या कपड्यांना लागलेल्या ऑइलचा वास होता. टेप सुरू झाला आणि भिंती थरथरू लागल्या. आता म्हातारा उठून कानाखाली देईल, असं राजरत्नला वाटलं. दिली असती तर बरंच झालं असतं.

आप्पासाहेब पुढं वाकले. चेहरा हळूहळू सैल पडला.

"व्हय," ते हलकेच म्हणाले. "जेवलो... स्टँडवर."

"कुणाशी बोलताय, आप्पा?"

"गप रं. लय बारीक बोलती..."

राजरत्ननं टेपला कान लावला. त्याला नुसता स्वतःचा धुडगूस ऐकू आला.

"दीक्षाला पोरगी झाली म्हणती," आप्पासाहेब म्हणाले. "नाक तुझ्यावर गेलंय."

दीक्षा बाळंत होऊन तीनच दिवस झाले होते, आणि आईला जाऊन वर्ष. राजरत्न टेपपासून मागं सरकला.

गाण्यामागून गाणं संपत होतं. एकाएकी आप्पासाहेब उठून ताठ उभे राहिले, साहेबापुढं राहावं तसे.

"रजा मिळाली गं," ते म्हणाले. "उद्या माणसं जेवली की निघतो..."

तिकडून काय विचारलं गेलं, हे राजरत्नला न ऐकताच कळलं. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या छातीत काहीतरी हललं. बाप तरी राहायला हवा होता. त्यानं टेप बंद करायला बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात शेवटचं गाणं लागलं.

यात नुसता ड्रम होता. तो भरला तेव्हा प्रशांत घरी निघून गेला होता आणि शेडमध्ये राजरत्न एकटाच होता. तरीही ड्रमच्या आतून कुणीतरी घोगऱ्या, बसलेल्या गळ्यानं बोलत होतं. फार वेळ हाका मारल्यावर बसतो तसा गळा.

"आन तू रं, राजा...? तू कवा येतोस?"

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. त्यानं बटणावरचं बोट काढून घेतलं.

"मला सोमवारी सुट्टी असती," तो म्हणाला.